रात्री दहानंतरच्या शांततेत

हणजुणे-वागातोरच्या पार्ट्यांच्या आवाजावरून गोव्यात चाललेला वाद मी इंग्लंडमधल्या लेस्टरमधून नेमाने वाचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ती काटेकोरपणे पाळली गेलीच पाहिजे. मात्र या वादात ज्येष्ठ येतात ते केवळ झोपमोड झालेले लोक म्हणून. बाहेरचा आवाज थांबल्यावरच ज्यांचा त्रास वाढतो, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

टिनिटस म्हणजे बाहेर कसलाच आवाज नसताना कानात वाजत राहणारी शिट्टी किंवा गुणगुण. उतारवयात ती बहुधा ऐकू कमी येण्याबरोबर सुरू होते आणि निजानीज झाल्यावर अधिक जाणवते. माझ्याही कानांत ती आहे. येथे माझी श्रवणचाचणी झाली, सरकारी आरोग्यसेवेतून श्रवणयंत्र विनामूल्य मिळाले, आणि झोप लागते का, मन उदास असते का, हेही मला विचारले गेले. कानातला आवाज त्याने गेला नाही, पण त्याची धास्ती गेली. उपचार कसे असावेत हे ठरवून देणाऱ्या येथील 'नाइस' या संस्थेच्या टिनिटसविषयीच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मनावरचा ताण हलका करणाऱ्या समुपदेशनाला उपचाराचेच स्थान आहे. अर्थात येथेही अनेकदा महिनोन्महिने वाट पाहावी लागते, आणि रात्र रात्र जागणाऱ्या वृद्धाला तो काळ फार मोठा असतो.

पेडण्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला मात्र "वयोमानाने होते, औषध नाही" एवढेच सांगून परत पाठवण्यात आले. कानातला आवाज पुरता घालवणारे औषध नाही हे खरेच आहे, परंतु त्या वाक्यावर तपासणी संपली, याचे मला फार वाईट वाटते. टाळांचा आवाज सहन होईना म्हणून तिने देवळातल्या भजनाला जाणे सोडले, घोळक्यातले बोलणे नीट कळेना म्हणून लग्नकार्येही टाळली, आणि मुले परदेशी असल्यामुळे एवढ्या मोठ्या घरात ती त्या आवाजासोबत एकटी उरली. शेजारणींना वाटते, मावशी हल्ली तुसडी झाली आहे.

बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयापर्यंत, सोबतीशिवाय जाणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी तालुक्याच्या आरोग्यकेंद्रातच श्रवणचाचणी, श्रवणयंत्र आणि समुपदेशन मिळायला हवे. ध्वनिक्षेपकांविरुद्ध ठराव घेणाऱ्या ग्रामसभांनी त्याच बैठकीत ही मागणीही लेखी नोंदवावी, आणि आम्ही बाहेर राहणाऱ्यांनी घरी फोन करताना रक्तदाब-साखरेइतक्याच अगत्याने कानांची आणि झोपेची चौकशी करावी.