भ्रष्टाचार 'खाली' जातो म्हणे!

"सत्ता खाली दिली की भ्रष्टाचार पण खाली जातो, लोकल लोकांना झेपत नाही, सगळं वरूनच चालवावं." विकेंद्रीकरणाच्या, म्हणजे सत्ता आणि पैसा गावा-जिल्ह्यांकडे देण्याच्या, विरोधातला हा मेसेज परत फिरायला लागलाय, आणि तिन्ही वाक्यांत गडबड आहे.

पहिल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर लोक पटकन फॉरवर्ड करतात. इंडोनेशियात ६०० हून जास्त गावांच्या रस्त्यांच्या कामांवर एक प्रयोग झालेला. काही गावांना आधीच सांगून टाकलं की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार, आणि काही गावांत हिशेबाच्या मीटिंगला जास्तीत जास्त लोकांना बोलावलं. ऑडिटवाल्या गावांत गायब होणारा खर्च ८ टक्के पॉइंट्सनी कमी झाला. मीटिंगवाल्यांत मजुरीतली चोरी घटली पण मटेरियलमधली नाही, म्हणजे एकूण फरक किरकोळच (मजुरी आपल्या खिशाला लागते ना, खडी कुणाच्या बापाची?). मग पैसा खाली दिला म्हणून वरचं ऑडिट बंद करा असं सांगितलंय कुणी? आणि "लोक जागरूक असले की बास" म्हणणाऱ्या आमच्या, विकेंद्रीकरणवाल्या, बाजूच्या मंडळींनी पण हे जरा वाचा.

झेपत नाही म्हणे. बोलिव्हियानं १९९४ ला कायदा करून देशाच्या करातला २० टक्के वाटा लोकसंख्येच्या हिशेबानं नगरपालिकांना दिला, त्याआधी छोट्या गावांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नव्हतं, आणि पैसा आल्यावर त्यांनी तो शाळा, पाणी, सांडपाणी यांत घातला. अडाणी म्हणायचं तर नक्की कुणाला?

राहिलं "वरूनच चालवावं". अहो, बऱ्याच ठिकाणी अजून तेच चाललंय, फक्त बोर्ड बदललाय. युगांडात १९९७ च्या कायद्यानं जिल्ह्यांना भरपूर कामं दिली, मग २००५ मध्ये त्यांच्या हातातला मोठा स्थानिक कर बंद केला (लोकांना तो नकोच होता, ते खरंय) आणि जिल्हे वरून येणाऱ्या, अटी लावलेल्या अनुदानावर आले. त्यात भर म्हणजे जिल्ह्यांची संख्या ५६ वरून २०१० पर्यंत शंभराच्या पुढे, म्हणजे तितकी नवी ऑफिसं, तितक्या खुर्च्या. काम खाली, तिजोरीची किल्ली वर, आणि फेल झालं की शिव्या विकेंद्रीकरणाला!

खरी अडचण त्या मेसेजमध्ये आलेलीच नाही. इंडोनेशियात २००१ च्या विकेंद्रीकरणानंतर तेल-गॅसवाले जिल्हे मालामाल झाले आणि बाकीचे बघत बसले. त्यावर लिहा काहीतरी, मी स्वतः फॉरवर्ड करतो.