याला फक्त डोळा काढा, वहिनी

परवा संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहिले, मान तिरकी केली, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "वहिनी, हा हत्ती आहे. बघा ना, ही सोंड, हा कान. याला फक्त डोळा काढा. बाळ खूश!"

भिंतीवर हत्ती नव्हता. ओल होती. आणि ती त्यांच्या नहाणीची होती.

लेक पहिल्या बाळंतपणाला डोंबिवलीला येणार म्हणून मागची खोली रंगवायला काढली, एवढंच खरं तर झालं. पण ती राहते बंगळुरात, आणि तिथून रोज फोटो पाठवते. ढगांच्या भिंती, जिराफांच्या भिंती, आणि त्या भिंतींपुढे एकटं झोपलेलं परक्या कुणाचं तरी गुटगुटीत बाळ. आमची खोली दहा बाय दहा. तिच्यात लोखंडी कपाट, इस्त्रीला टाकायच्या कपड्यांचा ढीग आणि आमच्या ह्यांची व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळलेत. जिराफ आला तर त्याला मान वाकवूनच राहावं लागेल.

तिची पहिली अट, रंगात शिसं नको. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर जाता कामा नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, हे तिने मला फोनवर वाचून दाखवलं. मी ते पेंटरला ऐकवलं. त्याने लांबी भरायचा पत्रा खाली ठेवला, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "काकू, शिसं पेन्सिलीत असतं." पेन्सिलीतही नसतं, ग्राफाइट असतं, पण तेवढ्यात चहा उतू गेला.

रंगाच्या दुकानात पहिला प्रश्न, "मुलगा की मुलगी?"

म्हटलं, अहो, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर केवढा मोठा बोर्ड असतो. 1994 चा कायदा आहे. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, 1988 मध्येच, स्वतःचा कायदा केला होता.

"तो कायदा डॉक्टरला, काकू. तुम्ही अंदाज सांगा. चालण्यावरून कळतं. नाहीतर दोन भिंती गुलाबी, दोन निळ्या. आपण तयारीत राहायचं."

मी पांढरा मागितला. पांढऱ्याचे इतके प्रकार निघाले की डोळे फिरले. त्यातला निम्मा पांढरा माझ्या मते पिवळा होता. शेवटी लेकीने फोनवरून नंबर सांगितला, मुलाने मशीनमध्ये डबा ठेवला, मशीनने चार थेंब टाकून तो घुसळला. लागणार होता सहा लिटर. घ्यावा लागला दहाचा डबा, कारण चार-चारचे दोन घेण्यापेक्षा तोच स्वस्त पडतो म्हणे. डब्यात पेंटरसाठी बक्षिसाचं टोकन असतं, हा मुद्दा कुणी काढला नाही. आणि गल्ल्याच्या वर पाटी, मशीनवर बनवलेला रंग परत घेतला जाणार नाही.

बरं, हे सगळं ज्याच्यासाठी, त्याला पहिले काही आठवडे 20 ते 30 सेंटिमीटरच्या पलीकडचं धड दिसतही नाही. आईचा चेहरा दिसतो, तेवढं त्याला पुरतं. भिंत कुठल्या पांढऱ्याची आहे हे त्याच्या लक्षात येईपर्यंत ती त्याने खडूने रंगवलेली असणार. हे मी बोलून दाखवलं तर लेक म्हणाली, "आई, तू निगेटिव्ह बोलू नकोस." म्हणून गप्प बसले.

आता वरचे. पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यातून ते निवृत्त झाले आहेत. कुठल्या ते सांगत नाही, पण आयुष्यभर पाणी अडवायचं काम केलेल्या माणसाला स्वतःच्या नहाणीतलं अडवता येऊ नये, याला काय म्हणायचं? पेंटरने घोडा मांडल्याचा आवाज झाला रे झाला की हे खाली हजर. हातात घरून आणलेला कप. म्हणजे चहा स्वतःचा, पण साखर आमची.

"पॉलिश पेपर कितीचा वापरतोय?" पेंटरला.

"प्रायमर वाळू दिला का?" मला.

"तुम्ही काहीच बोलत नाही," आमच्या ह्यांना. हे पेपरमागे असतात. गेली कित्येक वर्षं पेपरमागेच आहेत.

दरवाजा-खिडकीचं माप वजा न करता पेंटर स्क्वेअर फूट लावतो, हे वरच्यांनीच मला सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण ते हिशेब झाल्यावर, पैसे दिल्यावर सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर असा काही आनंद होता की पेंटर परवडला.

पहिल्या हाताला भिंत छान दिसली. दुसऱ्या हाताच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात रुपयाएवढा डाग. मग वाटीएवढा. मग रंगाला फुगे आले, एक मी बोटाने दाबला तर आतून ओलसर भुकटी हातावर आली. आणि मग सोंड निघाली. मी वरच्यांना बोलावलं, तर हे वरचं वाक्य. डोळा काढा.

"अहो, ओल आहे ती. तुमची नहाणी बरोबर इथेच येते."

"ओल पावसाची, वहिनी."

"डिसेंबर आहे."

"पाऊस भिंतीत मुरतो. मुरलेला बाहेर पडायला वेळ लागतो. आमच्या खात्यात याला..." पुढे जे नाव त्यांनी सांगितलं ते मला समजलं नाही, आणि माझा अंदाज आहे की खात्यालाही समजलं नसतं.

लहानपणी चाळीत आमच्याकडे वर्षातून एकदा चुना लागायचा. दिवाळीच्या आधी, नीळ घालून. भिंतीला पाठ टेकली की पाठ पांढरी. ओल यायची, वाळायची, पोपडे पडायचे, पुढच्या वर्षी पुन्हा चुना. कोणाला शेडकार्ड माहीत नव्हतं. माझ्या भावाची झोळी ज्या तुळईला बांधली होती तिच्यावर काजळीचा थर होता, आणि त्याने आयुष्यात कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. आता भिंतीवर प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा, पाण्याला बाहेर पडायला जागा ठेवायची नाही, आणि मग ते फुगलं की आश्चर्य करायचं. तर ते असो.

सोसायटीला अर्ज दिला. वरच्या घरातल्या संडास-बाथरूमची गळती असेल तर दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची, असं उपविधीत आहे. सेक्रेटरींनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात बघून घ्या ना." मग अर्जावर शिक्का कशाला मारला? आपसात बघायला शिक्का लागतो का?

शेवटी प्लंबर आणला. तो सरळ माणूस निघाला. म्हणाला, वरच्या नहाणीत रंगीत पाणी सोडू, खाली आलं तर निकाल लागला. नहाणी ट्रॅपच्या कडेचे सांधे सुटले असतील, नाहीतर कोब्याला चीर असेल. वरचे तयार झाले, अगदी छाती काढून. "करा, करा! माझी नहाणी धुतल्या तांदळासारखी आहे." ट्रॅपला बोळा घालून गुलाबी पुडी पाण्यात पडली. रात्रभर ते पाणी फरशीवर तुंबवून ठेवलं. तेवढ्यापुरती त्यांची अंघोळ बंद. मला खरंच वाटलं, आता सुटले.

काल सकाळी हत्तीच्या कानाला गुलाबी कड आली. दुपारपर्यंत सोंडही गुलाबी. मी जिना चढून वरच्यांना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. ते पुन्हा मान तिरकी करून उभे. बराच वेळ बघितलं. मग पेंटरकडे वळले, जो बिचारा शेवटचे पैसे न्यायला आला होता.

"गुलाबी कुणी सांगितला रे तुला?"

पेंटर माझ्याकडे बघायला लागला. प्लंबर हसला आणि आपली पिशवी आवरायला लागला. आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला, एवढंच, बोलले काही नाही.

"अहो, तुमच्या नहाणीतला रंग आहे हा!"

"वहिनी, तुमच्या घरात दहा लिटर रंग आलाय. माझ्याकडे एक पुडी होती. कुणाचा असेल तुम्हीच सांगा."

यावर काय बोलणार? मी बोलले, बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. पुन्हा लांबी, पुन्हा प्रायमर, पुन्हा दोन हात, आणि तेही वरच्यांनी आधी नहाणी फोडली तर. नाहीतर रंग मारून उपयोग नाही, हे पेंटरही सांगतो, जरी भाव तोच लावतो. लेक पुढच्या आठवड्यात येतेय. काल रात्री तिचा फोन आला तेव्हा मी कॅमेरा छताकडे धरून सगळं बोलले.

आणि जाता जाता दारात थांबून वरच्यांनी विचारलं, "त्या दहाच्या डब्यातला उरला असेल ना? द्या थोडा. नहाणीच्या दाराला मारतो."

उरलाय. चार लिटर. परत घेत नाहीत, पुढच्या वर्षापर्यंत टिकेल याची खात्री नाही, ठेवायला जागा नाही. देणार नाही म्हणजे नाही.