अकरा वेळा लेव्हरेज

आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे चौदा जण आहेत, पण मराठी ‘येतं’ असा संशय फक्त माझ्यावर. एकदा डबा खाताना मी ‘व्यत्यय’ म्हणालो होतो, तेवढं पुरलं. गेल्या सोमवारी साहेबांनी गुंतवणुकीचं चार पानी माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं. ‘‘मराठी करा. सोपंय, बुधवारी द्या.’’ मोजलं तर चार पानांत अकरा वेळा लेव्हरेज.

या शब्दाचा उच्चारच आधी अंगावर येतो. आमचे साहेब न्यू जर्सीत राहून आलेले, ते लेव्हरेज म्हणतात. त्यांचे साहेब लंडनला, ते लीव्हरेज म्हणतात. कॉलवर दोघं असले की मी ‘ते पान दोनवरचं’ एवढंच म्हणतो. आजी आजोबांचा उल्लेख असाच करायची.

शाळेत हे प्रकरण सोपं होतं. लीव्हर म्हणजे तरफ. मग टेकू, भार, बल. अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ, कारण सुपारी मधे आणि टेकू टोकाला. यावर मला एक गुण मिळालेला आहे. त्या जोरावर पहिल्या वाक्यात मी ‘तंत्रज्ञानाच्या तरफेने’ लिहिलं. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, ‘‘पहार म्हण की सरळ!’’

अकरापैकी पाच ठिकाणी अर्थ नुसता ‘वापरणे’ एवढाच होता. पण ‘अनुभव वापरून’ लिहिलं की कुणालाही जमेल असं वाटतं. अनुभव लेव्हरेज करायचा म्हटलं की फी लावता येते.

उरलेले सहा घरी नेले. पान तीनवर वाटाघाटींतलं लेव्हरेज होतं. बायको भाजी निवडत म्हणाली, ‘‘नाक दाबलं की तोंड उघडतं, दुसरं काय? आपल्या मावशी आठवतात ना, दिवाळीच्या आठ दिवस आधी ‘दोन घरं सोडतेय’ म्हणाल्या होत्या.’’ आठवतात. पाचशे रुपये वाढवले होते. पण गुंतवणूकदाराला नाक दाबायला कसं सांगायचं? बाबांनी ‘वजन’ सुचवलं. शेजारच्या काकांनी दारातूनच ‘वशिला’ सांगितला आणि रिमोट मागून घेऊन गेले.

खरी फजिती झाली ती कर्जावाल्या लेव्हरेजची. बाबांना आमच्याच फ्लॅटवरून समजावलं. पन्नास लाखांचं घर, पदरचे दहा, बँकेचे चाळीस. एवढ्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्क्यांची, म्हणजे आपण बरोब्बर काठावर. भाव १० टक्के वाढला तर पाच लाख सुटले, म्हणजे आपल्या दहावर ५० टक्के!

‘‘आणि २० टक्के पडला तर?’’

‘‘तर... आपले दहा गेले.’’

‘‘आणि हप्ता?’’

‘‘तो राहतो.’’

बाबांनी चष्मा काढला. ‘‘म्हणजे उचल.’’

मी गप्पच झालो. ऊसतोडीला जाणारी जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून जी रक्कम घेतात आणि मग कोयत्याने फेडत बसतात, ती उचल. मी शब्दकोश उघडला. या इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ निघालं ‘उचलणे’. लॅटिनचा आणि बाबांचा आयुष्यात संबंध आलेला नाही. २००८ साली बुडाली तेव्हा अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचा पसाराही स्वतःच्या भांडवलाच्या तीसेक पट होता म्हणतात. फक्त तिथे कुणी त्यांना उचल किती, असं विचारलं नसावं. विचारलं असतं तर जरा लाज वाटली असती. लेव्हरेज किती, म्हटलं की छाती फुगते.

बुधवारी मी ऐटीत मजकूर दिला. साहेब ‘उचल’पाशी अडखळले. ‘‘हे जरा... शेतावरचं वाटतं. आपले ग्राहक प्रीमियम आहेत.’’

‘‘पण अर्थ अगदी हाच आहे, सर.’’

‘‘तोच तर प्रॉब्लेम आहे,’’ ते म्हणाले, आणि अकराही ठिकाणी लाल पेनाने गोल केले. ‘‘लेव्हरेजच ठेवा. मराठीत लिहा म्हणजे झालं.’’

संध्याकाळी छापखान्यातून फोन आला. ‘‘साहेब, तो एक शब्द आहे बघा, अकरा वेळा आलाय. सहा ठिकाणी मात्रा दिलीय, पाच ठिकाणी वेलांटी. काय ठेवू?’’

मी म्हटलं, ‘‘लंडनला विचारून सांगतो.’’