सुरिमी म्हणजे सुरमई नव्हे!

‘सुरिमी म्हणजे सुरमईचंच काहीतरी असणार’ हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. कानाला तसं वाटतंच, त्यात लोकांची चूक नाही. पण सुरमई हा शब्द सुरम्याच्या रंगावरून, फारसीच्या वाटेने आलेला. सुरिमी, म्हणजे माशाचं मांस धुऊन केलेला लगदा, हा शब्द अस्सल जपानी, आणि तिच्यात सुरमई औषधालाही नसते. एवढा महाग मासा धुऊन त्याचा लगदा कोण करील? आपल्याकडे सुरिमी होते ती मुख्यतः राणीमाशाची.

असा जपानी वाटणारा शब्द समोर आला की आधी तो जपानी आहे का ते तपासा. जपानीत ल-ळ नाहीत, ट-ठ-ड-ढ नाहीत. बहुतेक प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, शेवटी व्यंजन आलंच तर न. म्हणून ‘तारली’ इथेच बाद. ‘मोरी’ मात्र बिनबोभाट पुढे जाते: आपल्याकडे मुशी (छोटा शार्क), तिकडे रान. ‘काकी’ तर तिकडे चक्क कालवं! म्हणजे ही चाळण फक्त बाद करायला कामाची. पास झालेला शब्द जपानीच, असं धरून चालू नका.

दुसरं काम, शब्द फोडणं. जपानीत कितीतरी नामं क्रियापदापासून होतात, आपल्या पेरणी-कापणी-मळणीसारखी, आणि ती बऱ्याचदा ‘इ’वर संपतात. तो शेवटचा इ काढून उ लावा आणि मग शब्दकोशात बघा. सुरि → सुरु, म्हणजे वाटणं, घोटणं. ‘मि’ म्हणजे मांस. झाली सुरिमी: वाटलेलं मांस. साशिमीतही (कच्च्या माशाचे काप) तोच ‘मि’ आहे.

तुकडा शब्दकोशात सापडला नाही तर त्याचं पहिलं अक्षर बदलून बघा. जोडशब्दात दुसऱ्या तुकड्याचा क पुष्कळदा ग होतो, त चा द, स चा झ, ह चा ब. वाक् + ईश = वागीश करणाऱ्यांना हे नवीन नाही. ओरि + कामि = ओरिगामी. घोटायच्या भांड्याला ‘सुरिबाची’ म्हणतात. ‘बाची’ शोधून हाती काही लागत नाही, ‘हाची’ शोधलं की वाडगा मिळतो. टाकी लावलेल्या पाट्यासारखा आतून खाचाखाचांचा मातीचा वाडगा.

आता मत्स्यप्रक्रियेच्या पुस्तकांत येणारे दोन शब्द घ्या, सुवारी आणि मोदोरी. विद्यार्थी ते पाठ करतात, अर्थ कुणी सांगत नाही. सुवारु म्हणजे बसणं, मोदोरु म्हणजे परतणं. सुरिमीत २-३ टक्के मीठ घालून घोटलं की चिकट लगदा होतो. तो ४० अंशांच्या आत ठेवला की हळूहळू ‘बसतो’, लवचीक होतो. आपण सिमेंट बसलं म्हणतो तसंच. पण गरम करताना ६० अंशांच्या आसपास रेंगाळला की माशातलीच विकरं प्रथिनांचे तुकडे करतात आणि बसलेलं सगळं ‘परततं’: लवचीकपणा जातो, बोटाने दाबलं की भुगा. म्हणून तो टप्पा झटकन ओलांडून ९० अंशांकडे न्यायचा. बर्फाविना पडून राहिलेला मासा असेल तर कितीही घाई करा, बसण्यातच दम नसतो. मीठ घालण्याच्या आधी, सुरिमी करतानाच, कच्चा लगदा १० अंशांखालच्या पाण्यात दोन-तीनदा धुतात, रक्त, चरबी आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं काढून टाकायला. नंतर साखर-सॉर्बिटॉल मिळून साधारण ८ टक्के घालतात. ते गोडीसाठी नव्हे, गोठवताना प्रथिनं बिघडू नयेत म्हणून. सुवारी-मोदोरी हे शब्द शब्दशः मराठीत आणले तर वर्गात अर्धा तास वाचेल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निर्यातीच्या खोक्यावर राणीमासा ‘इतोयोरी’ होतो. इतो म्हणजे दोरा. योरी हे योरु या क्रियापदापासून, म्हणजे पीळ देणं. आता ताजा राणीमासा हातात घ्या आणि शेपटीचं वरचं टोक बघा. पिवळा, दोऱ्यासारखा लांब तंतू लोंबत असतो, टोपलीत ओढाताण झाली की तुटतो. शास्त्रीय नाव निमिप्टेरस, तेही ग्रीकमधून ‘दोरा-पर’च. गंमत म्हणजे आपल्याकडच्या एका प्रमुख जातीचं नाव निमिप्टेरस जापोनिकस, आणि जपानी लोक नुसतं इतोयोरी म्हणतात ती सहसा दुसरीच जात, विर्गाटस.

शक्य असेल तिथे मूळ लिपी मिळवा. नुसत्या उच्चारावर विसंबू नका, ‘हाना’ म्हणजे फूलही आणि नाकही. देवनागरीत तर आपण शेवटचा इ दीर्घ लिहितो, त्यामुळे मूळचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला जातो. खोक्यावरच्या अक्षरांचा फोटो काढून भाषांतराच्या ॲपला द्या, मग तीच अक्षरं चित्रांच्या शोधात टाका. कोनदार, सुटसुटीत अक्षरं म्हणजे काताकाना लिपी. ती परकीय शब्दांसाठी, हे अर्धसत्य. माशांची नावंही तिच्यात लिहितात.

आणि ‘कानिकामा’. कानि म्हणजे खेकडा, म्हणून खेकड्याच्या कांड्या समजून लोक घेतात. असते ती सुरिमीच, वर लाल रंग. पण अंड्याचा पांढरा बलक, गव्हाचा स्टार्च आणि कधी खेकड्याचा अर्कही त्यात असतो. ज्यांना यातलं काही बाधतं त्यांनी नाव सोडून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत.