‘गेट’ला हाकलून द्यायला निघालेल्यांनो
‘इंग्रजीतलं गेट (get) हे अडाण्यांचं क्रियापद. सुशिक्षित माणूस त्याजागी ऑब्टेन किंवा रिसीव्ह वापरतो.’ असा चार कलमी फॉरवर्ड सध्या फिरतोय. तीनदा मी तो मुकाट्याने डिलीट केला. चौथ्यांदा तो भाचीने पाठवला, सोबत वरिष्ठांना धाडलेला तिचा रजेचा मेल: ‘आय ऑब्टेन्ड सिक ऑन मंडे.’ आता गप्प बसवत नाही.

आधी हेच कलम. अहो, ऑब्टेन म्हणजे खटपट करून मिळवणं. आजारपण कुणी खटपटीने मिळवतं का? ‘गेट’ म्हणजे नुसतं मिळणं नव्हे. ‘गेट टायर्ड’मध्ये ते होणं आहे, ‘गेट होम’मध्ये पोचणं, ‘आय गेट इट’मध्ये कळणं, ‘गेट द कार रिपेअर्ड’मध्ये करून घेणं. ‘आय रिसीव्ह्ड होम ॲट सेव्हन’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. आपलं ‘लागणं’च घ्या ना. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, मूल रडू लागतं आणि नको असताना जावंही लागतं. उद्या कुणी फर्मान काढलं की ‘लागणं’ गावंढळ, सगळीकडे ‘स्पर्श होणे’ लिहा, तर भुकेचा स्पर्श होऊन नोकरीचाही स्पर्श होईल!

हो, औपचारिक पत्रात प्रत्येक ओळीत ‘गेट’ आलं तर लिखाण ढिलं वाटतं, आणि ‘आय रिसीव्ह्ड युवर लेटर’ तिथे शोभतं. एवढं मान्य. पण तेवढंच.

दुसरं कलम: हा शब्द अमेरिकनांनी घुसडला. तो जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतल्या ‘गेटा’वरून आला आणि इंग्रजीत १२००च्या सुमारास रुळला. कोलंबसाला अमेरिकेचा पत्ता लागला १४९२ मध्ये.

तिसरं: ‘गेट’चं ‘गॉटन’ हे रूप म्हणजे अशुद्ध अमेरिकन टूम. १६११ सालचं किंग जेम्स बायबल उघडा, उत्पत्तीचा चौथा अध्याय, पहिलंच वचन. काइन जन्मल्यावर हव्वा म्हणते, ‘आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड.’ इंग्लंडात हे रूप पुढे मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. शिवाय अमेरिकन माणूस त्यातून फरक दाखवतो: ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे जायलाच हवं, ‘आय हॅव गॉटन टू गो’ म्हणजे जायची संधी मिळाली. ‘फरगॉटन’ मात्र फॉरवर्डवाल्यांना खुपत नाही, गंमतच आहे.

चौथं, ‘हॅव गॉट’ म्हणजे दुहेरी चूक. नाही. ब्रिटिश लोक बोलताना सर्रास वापरतात. पुढे.

भाचीला मेल पुन्हा पाठवायला सांगितलंय: ‘आय गॉट सिक.’ फारच संकोच वाटला तर ‘आय फेल इल’. रजा मात्र तिने ऑब्टेन करावी, तिथे तो शब्द चालतो.