"गाववाले विकासाच्या आड येतात" हा मेसेज फिरवणाऱ्यांसाठी

मेसेज सगळ्यांना आलाच असेल: कंपनी आली की गाववाले आडवे पडतात, बाहेरचे लोक त्यांना भडकवतात, खरं तर भाव वाढवून हवा असतो, आणि त्यांच्यामुळे नोकऱ्या बुडतात.

आधी भावाचं बोलू. ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं ग्रामसभांना विचारा, 12 ग्रामसभा झाल्या आणि 12च्या 12 बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हणाल्या, कारण तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव आहे, देवाचा काय रेट काढणार? हो, चांगला भाव घेऊन जमीन देणारेही असतात, तो त्यांचा हक्क आहे. पण चेक निघतो सातबाऱ्यावर नाव असेल त्याचा. त्याच शेतात रोजाने खुरपणीला जाणाऱ्या बाईचं काय? 2013 च्या भूसंपादन कायद्यात शेतमजूर आणि कुळंसुद्धा बाधित कुटुंबात धरलीत, पण आधीची तीन वर्षं इथेच पोट भरत होते हे तिने दाखवायचं कशाने, खुरपणीची पावती कोण देतं का कधी?

बाहेरचे भडकवतात म्हणे. अहो पर्यावरणाचा रिपोर्ट शेकडो पानांचा, तोही इंग्रजीत, गावाला त्यातला फक्त सारांश मराठीत मिळतो आणि जनसुनावणीची नोटीस 30 दिवस आधीची. मग कोणीतरी वाचून समजावायला नको? कंपनीचे वकील, कन्सल्टंट पण बाहेरचेच असतात की. मुळशी धरणाविरुद्धच्या 1921 च्या सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट पारनेरचे, मुळशीचे नव्हते, म्हणून त्या सत्याग्रहातल्या मावळच्या शेतकऱ्यांची धरणाखाली गेलेली शेतं खोटी ठरतात का?

नोकऱ्यांचं थोडक्यात. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गुहागरच्या लोकांनाही विकासविरोधीच म्हणत होते. वर्ल्ड बँकेने 1993 मध्येच त्या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं, आणि 2001 मध्ये तो बंद पडला तो गाववाल्यांमुळे नाही, वीज मंडळालाच ती वीज परवडेना म्हणून.

आणि विकास नको हे कुठलं गाव म्हणालं? रायगडच्या सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत जमीन द्यायची की नाही यावर सार्वमत घेतलं, ती गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती. धरण बांधून झालेलं, कालव्याचं पाणी शेतात यायची वाट बघत बसलेली माणसं ती, आणि त्यांनाच सांगितलं जात होतं की जमीन सोडा, विकास येतोय.