रोज तासभर हातात धरला की साप माणसाळतो म्हणे!

साप पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय. ‘नवा साप आणला की पहिल्याच दिवसापासून रोज तासभर हातात धरा. चावला तरी सोडू नका, नाहीतर तो डोक्यावर मिऱ्या वाटेल. आठवड्याभरात शांत होतो, मग तुम्हाला ओळखून जीव लावतो.’ यातली अर्धी गोष्ट खरी आहे, तिच्याकडे येतोच.

आधी ‘पहिल्याच दिवसापासून’. नव्या पेटीत आलेल्या सापाला दडी मारायला जागा कुठे आहे आणि ऊब कुठे आहे, एवढंच शोधायचं असतं. त्यात उचलाउचल सुरू झाली की तो खाणं सोडतो. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) तर या बाबतीत कमालीचा हट्टी. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त पाणी बदलायचं आणि घाण काढायची. लागोपाठ दोन-तीनदा नीट खाल्लं की मग हात लावायचा, तोही पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा.

‘रोज’ तर हिशेबातच बसत नाही. खाल्ल्यावर किमान 48 तास सापाला उचलायचं नसतं. बाहेरच्या उबेवर त्याचं पचन चालतं, आणि पोटात फुगवटा असताना हाताळला तर तो गिळलेलं ओकून टाकतो. असं झालं की पुढचे दहा-बारा दिवस तरी त्याला खायला देता येत नाही. कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाचं पिल्लू पाच-सात दिवसांनी खातं, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस इथेच गेले. शिवाय कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा त्याला धड दिसत नाही. ते दिवसही सोडून द्यायचे.

आता ‘आठवड्याभरात शांत होतो’. यात मी स्वतः फसलोय. माझा बॉल पायथन सुरुवातीला तळहातावर डोकं आत खुपसून गोळा होऊन बसायचा आणि मी सगळ्यांना सांगायचो, बघा किती गरीब! पण तो गोळा म्हणजे त्याचं घाबरणं. त्याचं नावच त्यावरून पडलंय. सरावलेला साप वेगळा दिसतो. अंग सैल असतं, जीभ सावकाश, लांब बाहेर येते, या हातावरून त्या हातावर जाताना तो बोटांना हलकी पकड घालतो. घाबरलेला ताठ असतो, स्पर्श झाला की झटका देतो, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे ओढतो. कॉर्न स्नेक शेपटीचं टोक थरथरवतो, खाली कोरडा भुसा असेल तर त्याचा खडखडाटही ऐकू येतो. धडपड थांबली म्हणजे भीती गेली असं नाही, कधीकधी त्याने फक्त हार मानलेली असते. आणि साप शिकत नाही असंही समजू नका. 1999 साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात कॉर्न स्नेकच्या पिल्लांनी सुटकेचं बीळ कुठे आहे ते लक्षात ठेवलं होतं. तासभर दाबून धरलात तर हात म्हणजे संकट, हेही तो तितक्याच चोख लक्षात ठेवेल.

‘चावला तरी सोडू नका’ यात ती अर्धी खरी गोष्ट आहे. दर वेळी झेप घेतल्यावर हात पळाला तर झेप घेणं फायद्याचं, हे त्याला कळतं. पण त्यावर तासभर धरून बसायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबा, अंग सैल पडलं की परत ठेवा. मुळात तो झेपावतो का, ते बघा. वरून येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी असतो, त्यामुळे बाजूने या आणि धडाच्या मध्यावर आधार देऊन उचला. मानेशी चिमटीत तर धरूच नका. हाताला उंदराचा वास असेल तर दोष सापाचा नाही. बॉल पायथनच्या ओठावरच्या खळग्यांना उष्णता जाणवते. गरम आणि उंदराचा वास येणारी वस्तू म्हणजे जेवणच की! म्हणून आधी साबणाने हात धुवा (नंतरही धुवा, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो). मग उचलण्यापूर्वी हुकाने (साप उचलायच्या आकड्याच्या काठीने) किंवा कागदाच्या सुरळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करा. दर वेळी हेच केलं की सुरळी लागली म्हणजे आज खाणं नाही, हे त्याला उमगतं. भुकेने चावून विळखा घातलाच, तर हिसका देऊ नका. दात आत वळलेले असतात, ओढलंत तर तुमचं कातडं फाटेल आणि त्याचे दात तुटतील. सोडेपर्यंत थांबा.

उरलं ‘जीव लावतो’. नाही लावत. तुमचा वास त्याच्या सवयीचा होतो, तुम्ही उबदार फांदी ठरता. मला तेवढं पुरतं. हल्ली सुरळी लागली की माझा पायथन स्वतःच वेटोळं सोडून मनगटावर येतो, कोपरापर्यंत जीभ लपलपवत चढतो. दहा मिनिटांनी पेटीच्या दिशेने मान लांबवतो, तेव्हा मी त्याला आत ठेवतो.